किसन भावजींचा पंजा

आमचे किसन भावजी दुसऱ्याच्या रानात डोळे मिटून अनवाणी चालतात. बूट काढून बांधावर ठेवतात, टोपी सारखी करतात, डोळे मिटतात आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत सरळ चालत जातात. दोन्ही हात जरा पुढे धरलेले. लांबून बघणाऱ्याला वाटतं, माणसाच्या अंगात आलंय. मध्येच बोटाला दगड लागतो. मग भावजी थांबतात, डोळे उघडतात आणि वाकून त्या दगडाला म्हणतात, "तू ऱ्हायला व्हय रं." मग बूट घालायला परत बांधावर, आणि तिथून मशीनवर.

ही त्यांची काम तपासायची पद्धत आहे. भावजी लोकांच्या रानातले दगड मशीनने काढून देतात. रान मोकळं झालं की नाही हे डोळ्याला कळत नाही, पायाला कळतं, असं त्यांचं म्हणणं. मालक म्हणतो, "नाना, झालं की, दिसत न्हाई आता एक बी." भावजी म्हणतात, "दिसत न्हाई म्हंजे न्हाई असं न्हाई." आणि बूट काढायला बसतात.

मी त्यांची वहिनी. माझे मालक आणि ते चुलत भाऊ. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. भावजींचं रान आणि माझं रान यांच्यात एकच बांध, त्यामुळे त्यांचं सगळं मला दिसतं. न बघायचं ठरवलं तरी दिसतं.

आमचं गाव मिरजगावपासून लांब नाही, पण माळावरचं. खाली मुरूम, वर हातभर माती, आणि त्या मातीत दगड. काही नारळाएवढे, काही बसलेल्या म्हशीएवढे. दर नांगरटीला नवे वर येतात. चौथीत माझी शाळा सुटली ती दगड वेचायला, आणि लग्न होऊन इथे आले तर इथेही तेच. पाटीत दगड भरायचे, डोक्यावर घ्यायचे, बांधावर नेऊन टाकायचे. जोडीला यमुना, म्हणजे किसन भावजींची बायको, माझी जाऊ. आम्ही दोघींनी जेवढे दगड वाहिले तेवढ्यात एखादं धरण झालं असतं. कोणी बांधलं नाही ती गोष्ट वेगळी.

यमुना कायम अनवाणी. ढेकळांत चप्पल अडकते म्हणायची, आणि घरी आल्यावर पायाचे काटे काढत बसायची. दुपारी रानाच्या पार टोकाला कडुलिंबाखाली एका सपाट काळ्या दगडावर बसून भाकरी खायची. तो तिचा दगड. त्यावर दुसरं कोणी बसलं तर ती तोंडाने काही बोलायची नाही. नुसती समोर येऊन उभी राहायची. माणूस आपोआप उठायचं. मी दोनदा उठलेय.

मग तिचे गुडघे गेले. पुढे पुण्याला दत्ताला, म्हणजे त्यांच्या मुलाला, मुलगा झाला. दत्ता येऊन आईला घेऊन गेला. बाळंतीण उठेपर्यंत म्हणून गेली. आता ते पोरगं शाळेत जातं आणि यमुना तिकडेच आहे. कोणी भांडलं नाही, कोणी कोणाला टाकलं नाही. असं आता घरोघरी आहे. म्हातारी शहरात नातवाजवळ आणि म्हातारा गावात जनावरांजवळ.

दत्ता एका रस्त्याच्या ठेकेदाराकडे कामाला होता. तिथे एक जुना छोटा लोडर काढून टाकायचा होता, तो दत्ताने बापाला आणून दिला. म्हणाला, दोन-चार कामं मिळतील, वेळ जाईल. गाव म्हणालं, दत्तानं आई नेली आणि बदल्यात मशीन दिली. मागे नाही, भावजींच्या तोंडावर म्हणाले. भावजी म्हणाले, "दिली ना? तुमच्या पोरांनी तर नुसतीच नेली."

ती मशीन मजेशीर आहे. जेसीबीच्या मानाने रेडकाएवढी. माणूस पिंजऱ्यात बसतो आणि दोन लोखंडी हात पिंजऱ्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे येतात. तिची चाकं वळत नाहीत. एका बाजूची थांबतात, दुसऱ्या बाजूची फिरतात आणि मशीन जागच्या जागी गरकन वळते. म्हणून गावाने तिचं नाव भिंगरी ठेवलं. पहिले काही दिवस भावजी जायचे विहिरीकडे आणि तोंड व्हायचं देवळाकडे. माझ्या कोंबड्या तेव्हापासून त्या आवाजाला झाडावर चढतात, त्या अजून चढतात.

आली तेव्हा तिच्या तोंडाला नुसती बकेट होती. बकेटने दगड उचलला की त्याच्याबरोबर पाटीभर माती पण यायची. दगड बांधावर, माती पण बांधावर. भावजी दिवसभर काम करायचे आणि संध्याकाळी बांधावरची माती घमेल्याने परत रानात टाकायचे. "हातभर माती हाय आपल्याला, वहिनी. त्यातली मीच फेकतोय. पाप लागंल," म्हणायचे. मग कोणीतरी सांगितलं की बकेट काढून तिथे पंजा लावता येतो. खाली लोखंडी दात असतात, वरून जबडा मिटतो, मध्ये दगड सापडतो आणि माती फटींतून खाली गळते. हे ऐकल्यापासून भावजींना दुसरं सुचेना.

पंजा घ्यायला ते नगरला निघाले त्या दिवशी मलाही डोळे दाखवायला जायचं होतं. एकाच जीपने गेलो. डॉक्टरांनी माझ्या डोळ्यात औषध घातलेलं, त्यामुळे सगळं धुरकट. भावजी म्हणाले, वाटेत जरा दुकानात डोकावू. धुरकट दिसत होतं, तरी जे दिसलं ते पुरे होतं.

दुकान म्हणजे पत्र्याची शेड आणि पुढे मोठं आवार. त्यात लोखंडी जबडे ओळीने मांडलेले. इन केलेल्या शर्टातला एक पोरगेला विक्रीवाला पुढे आला आणि माहिती सांगायला लागला. भावजींनी ऐकलं नाही. ते बैलबाजारात फिरतात तसे फिरायला लागले. आधी लांबून एक फेरी. मग जवळून. मग एका पंज्याचा वरचा जबडा दोन्ही हातांनी उचलायला गेले, उचलेना, तेव्हा खालून वाकून तोंडात बघितलं आणि एकेका दातावरून बोट फिरवलं.

मला म्हणाले, "जुळलाय."

विक्रीवाला म्हणाला, "काय जुळलं, काका?"

"दात."

बैलाचे सगळे दात आले की तो जुळला म्हणतात. त्या पोराला काय कळणार. भावजींनी सांध्याची पिन धरून हलवली, "खांद्यात ढिला न्हाई," म्हणाले. पाठीवर थाप मारली, आवाज ऐकला. जिथे जिथे वेल्डिंगचा सांधा होता तिथे नख घालून बघितलं. मी एका खुर्चीवर बसून घेतलं. हे लवकर संपणारं नव्हतं.

एक पंजा हलका होता, लांब दातांचा. विक्रीवाला म्हणाला, तो झाडोरा आणि काटक्या धरायला. दुसरा अवाढव्य. "काका, हा घ्या. एका वेळेला दुप्पट दगड."

"तुझ्या घरी बैलापेक्षा जू जड असतं का?"

"आमच्याकडे बैल नाहीत, काका."

"मंग ऐक. तोंड जड झालं की मागची चाकं उचलत्यात. दगड जमिनीवर आन मी आभाळात. खाली कोन उतरवनार मला? ह्या वहिनी?"

मी म्हणाले, "मी न्हाई."

तिसरा मधला, दगडासाठीच केलेला. त्यात परत दोन तऱ्हा. एकाचा वरचा जबडा अखंड, एकाचा मध्ये चिरलेला, दोन्ही भाग आपापले मिटणारे. भावजींनी दोन भागांचा घेतला. दगड काही विटेसारखा येत नाही, म्हणाले, एका बाजूने फुगलेला असतो, एका बाजूने बसका. अखंड जबडा फुगीर बाजूवर अडकतो आणि बसकी बाजू निसटते. मग तेलाच्या रबरी नळ्या बघितल्या. नळ्या उघड्यावर नकोत, दगडाला घासून कापतात, लोखंडाच्या आडोशाने जायला हव्यात. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं चाललं होतं.

मग आली दातांमधली फट. एक रुंद फटीचा होता, एक अरुंद फटीचा. विक्रीवाला म्हणाला, "आमच्याकडे रुंद जास्त जातो, काका. मोठे दगड येतात, बाकी खाली पडतं."

भावजी म्हणाले, "बाकी म्हंजी काय?"

"बारीक दगड."

"ते बी नको मला." त्यांनी बूट काढला आणि पायाचा अंगठा फटीत घालून बघितला. "ह्याला लागंल असा एक बी दगड ह्यातून खाली पडायला नको." आणि अरुंद फटीचा पसंत केला.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं असं कोणी म्हणेल. मी बोलले. म्हणाले, "भावजी, बारीक ऱ्हाऊ द्या." त्यांनी ऐकलं नाही.

शेवटी किंमत. भावजींनी खांद्यावरचा पंचा काढून आपल्या हातावर टाकला आणि हात पुढे केला. "घाल."

पोरगा घाबरला. "काका, हाताला लागलंय का?"

बैलबाजारात भाव असाच होतो. पंच्याखाली एकमेकांची बोटं दाबायची, बघणाऱ्याला कळत नाही. पोरगा म्हणाला, किंमत कागदावर छापलेली आहे. भावजी म्हणाले, "छापलेली मला बी दिसती. खरी सांग." शेवटी त्या पोराने पंच्याखाली हात घातला. आत काय झालं ते त्या दोघांना ठाऊक. पण बाहेर काढल्यावर पोरगा बोटं चोळत होता आणि भावजी हसत होते.

पंजा घरी आला आणि भावजींचा दिवस बदलला. सकाळी उठले की चहाच्या आधी ग्रीस. प्रत्येक पिनला ग्रीसगन लावायची, आतलं काळं जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं, मग फडक्याने पुसायचं. "आधी त्याचं, मग आपलं," म्हणायचे. एखाद्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर कप बांधावर ठेवायला लावायचे. चहावर साय यायची, माशी बसायची, पण पिन चुकायची नाही.

"सांधा बोलला की उशीर झाला." हे त्यांचं ब्रीद. म्हणजे कुईकुई आवाज यायला लागला तर समजायचं, आत झीज सुरू झाली. आवाजाच्या आधी ग्रीस पाहिजे. हे वाक्य ते सगळ्यांना लावायचे. दाराची कडी वाजली, बैलगाडीचा आख वाजला, आमच्या आळीतल्या म्हादबाच्या सुनेचा आवाज चढला, सगळीकडे "सांधा बोलला." मी बांधावरून उतरताना गुडघा धरला की पलीकडून हाक, "वहिनी, सांधा बोलतोय तुमचा." मी म्हणायचे, "तुमची ती पिचकारी माझ्याकडं आनू नका."

नळ्यांचं वेगळंच. तेल गळतंय का ते हाताने चाचपायचं नाही, आतल्या दाबाने कातडीत घुसतं, म्हणून पुठ्ठा धरून बघायचा. पुठ्ठ्यावर ओल उमटली की नळी बदलायची. हे बरोबर आहे. पण भावजी पेढ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कायम खिशात ठेवायला लागले आणि लोकांच्या घरी गेले की गॅसच्या नळीला धरून बघायला लागले. बायका स्वयंपाकघराची कडी लावून घ्यायच्या.

संध्याकाळी पंजा जमिनीवर टेकवून, जबडा मिटवूनच मशीन बंद करायची. उघडा ठेवला तर आतल्या चकचकीत दांड्या उघड्या राहतात आणि गंजतात. "तोंड मिटून झोपवायचं." देवळात दुपारी म्हादबा तोंड उघडं टाकून घोरत होता, तर भावजींनी जाऊन त्याची हनुवटी वर ढकलली. "गंज चढंल," म्हणाले. म्हादबा आठ दिवस बोलत नव्हता.

एकदा मी विचारलं, "भावजी, बूट घालून तपासा की रान. पायाची सालटी काढून घेता ती कशाला?"

ते पंजा पुसत होते. पुसत पुसतच म्हणाले, "दत्ताची आई चप्पल घालत न्हाई."

तेव्हा मला कळलं. ती येईल तेव्हा तिच्या पायाला दगड लागू नये म्हणून हे चाललं होतं. आधी लोकांच्या रानात हात बसवला, मग स्वतःचं रान धरलं. उन्हाळाभर ते रान त्यांनी असं विंचरलं की सांगता सोय नाही. अरुंद फटीचा पंजा, सुपारीएवढा दगडही सुटत नव्हता. बांधावर ढिगारे लागले. मग डोळे मिटून उभं चालून बघितलं, आडवं चालून बघितलं. एकही लागला नाही. त्या दिवशी त्यांनी पुण्याला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तुमी सांगा. माझ्यावर तिचा इस्वास न्हाई."

मी सांगितलं, "यमुना, रान चपातीच्या पिठावानी केलंय गं."

तिकडून ती हसली. म्हणाली, "बाई, मंग त्यात जोंधळा काय खाऊन येनार?"

भावजींना मी फक्त ती हसली एवढंच सांगितलं.

यमुनाचं खरं झालं. आमच्याकडे जोंधळा रब्बीचा. पाऊस निघून गेल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावरच तो येतो. वर बारीक दगड असले की उन्हाने माती तापत नाही, ओल टिकते. बारका दगड म्हणजे मातीची सावली, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक. भावजींनाही ठाऊक होतं. पण त्यांनी रान पिकाकडे बघून केलं नव्हतं, पायाकडे बघून केलं होतं. दिवाळीनंतर भुईला भेगा पडल्या. पानं सुरळी झाली. बांधाच्या अलीकडे माझा जोंधळा माझ्या डोक्याएवढा, गोट्यांत उभा. पलीकडे त्यांचा गुडघ्याएवढा, पिठात उभा.

गावाला हसायला निमित्त मिळालं. भावजी एक दिवस बांधावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पंजा टेम्पोत घालून मिरजगावला शब्बीरभाईच्या वेल्डिंगच्या दुकानात गेले. बाजाराचा दिवस होता, मीही त्याच टेम्पोत.

"एकाआड एक दात काढ," भावजी म्हणाले.

शब्बीरभाईने चष्मा वर केला. "नाना, माझ्याकडं लोक दात बसवायला येत्यात. तुमी नवे कोरे काढायला आलाव?"

"काढ म्हंतो ना."

"दुखंल त्याला."

"त्याला न्हाई दुखत. तू काढ."

गॅसची ज्योत लागली तेव्हा भावजी रस्त्याकडे बघत उभे राहिले. काढलेले दात पोत्यात भरून घरी आणले. आता त्यांना शेळ्या बांधतात.

फट रुंद झाली. आता मोठे धोंडे पंज्यात राहायचे आणि बारीक खाली पडायचे. पण रानात बारीक होतेच कुठे? मग भावजींनी परत बकेट लावली आणि बांधावरचे बारीक दगड भरून भरून रानात पसरायला सुरुवात केली. येणारा जाणारा थांबायचा. म्हादबाने तर बैल सोडून गाडीच उभी केली बघायला.

"किसन, आता दगड पेरतो का?"

"पेरतोय. तुला बी देऊ बियानं?"

पसरून झाल्यावर परत बूट काढून डोळे मिटले. पण आता नियम बदलला होता. गोल दगड पायाला लागला तर चालेल, टोचला नाही पाहिजे. टोकाचा सापडला की उचलून खिशात. त्यांच्या सदऱ्याचे खिसे फाटले ते मीच शिवून दिले, दोनदा.

पुढच्या साली जोंधळा आला. कणीस भरलं, हुरड्याला आलं. भावजींनी फोन केला आणि दत्ता म्हणाला, येतो सगळे रविवारी. भावजींनी त्या दिवशी दाढी केली आणि भिंगरी धुतली. पंज्याच्या दातांना तेल लावलं. मी म्हणाले, "ती पंजा बघायला येत न्हाई." ते म्हणाले, "दिसंल तर खरं."

दत्ताची गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. आत वाट नाही. आधी नातू उतरला, मग सून, मग दोघांनी धरून यमुनाला उतरवलं. उजळली होती, अंगाने सुटली होती. पायात मोजे आणि वर जाड तळाच्या चपला. मला बघून म्हणाली, "बाई, तुमी वाळलाव की." मी म्हणाले, "तू सगळं खाल्लंस म्हनून."

भावजी कुडाजवळ, रानाच्या काटेरी कुंपणाशी, उभे होते. त्यांनी आपले बूट आधीच काढले होते. म्हणाले, "चल. चप्पल काढ. डोळं मिटून चल आता कुठं बी."

यमुना त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आवो, डॉक्टरनं मला अनवानी चालायला बंदी केलीय. घरात सुदिक चप्पल घालती मी."

सून मोबाईलमध्ये बघायला लागली. भावजींनी आपल्या उघड्या पायांकडे बघितलं, मग बुटांकडे. मग खाली बसून बूट घालायला लागले. एका बुटाची नाडी बांधायला त्यांना फार वेळ लागला. मी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा उघडून पुढे केला. दुसरं काय करणार.

थोड्या वेळाने यमुना म्हणाली, "माझा दगड हाय का? का तो बी टाकला बांधावर?"

"जाग्यावर हाय," भावजी म्हणाले.

जागा म्हणजे कडुलिंबाखाली, रानाच्या पार दुसऱ्या टोकाला. दत्ता म्हणाला, "आई, नको. ढेकळं आहेत. पाय मुरगळला तर?"

भावजी म्हणाले, "मशीनवर नेतो. बकेट लावतो. धुतलेली हाय."

"बकेटीत बसून? लोक म्हनतील, म्हातारीची वरात निघाली." यमुना हसली, सगळेच हसले. भावजी हसले नाहीत. ते खरंच बकेट लावायला निघाले होते. तिने हात धरून थांबवलं.

ती रस्त्याच्या कडेलाच उभी राहिली आणि डोळ्यांवर हात धरून तिकडे बघितलं. जोंधळा माणसापेक्षा उंच. त्याच्यावरून कडुलिंबाचा शेंडा तेवढा दिसत होता.

"दिसत न्हाई," ती म्हणाली.

"हाय," भावजी म्हणाले.

मग तिने प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हुरडा खाल्ला. भावजी भाजत होते, मी कणसं चोळत होते. तिला अजून गुळभेंडी जोंधळ्याचा हुरडा आवडतो, तोच त्यांनी वेगळा काढून ठेवला होता. ऊन कलल्यावर निघाले. गाडीत बसताना भावजींना म्हणाली, "थंडी सरली की येते. गुडघ्याचं बघू." मला म्हणाली, "बाई, ह्यांच्याकडं बघा जरा." मी म्हणाले, "दिसत्यातच मला."

गाडी गेली. भावजींनी पंजा टेकवला, जबडा मिटवला आणि घरी गेले.

जोंधळा काढून झाला, कडबा रचून झाला. एक दिवस सकाळी मी बांधावर गेले तर भावजी पंज्याला काहीतरी गुंडाळत होते. जवळ जाऊन बघितलं. गोधडी. फाडून पट्ट्या केल्या होत्या आणि एकेका दाताला सुतळीने घट्ट बांधत होते. खालच्या दातांना, वरच्या जबड्याच्या टोकांना. ती गोधडी यमुनाने आणि मी मिळून शिवलेली. माझ्या हिरव्या लुगड्याचा तुकडा वरच्या एका दाताला होता.

मी म्हणाले, "भावजी, मशीनला थंडी वाजतीय का?"

"वरखडा उठंल."

"कशाला?"

"दगडाला."

सांगते, मला हसू आलं. जो माणूस म्हशीएवढे धोंडे उचलताना तोंडातली तंबाखू हलवत नाही, तो दगडाला वरखडा उठेल म्हणून लोखंडाला गोधडी बांधत होता. पण मी हसले नाही. मी सुतळीचं दुसरं टोक धरलं.

त्यांनी भिंगरी रानाच्या टोकापर्यंत नेली. खालचे दात दगडाखाली हळूहळू सरकवले. वरचा जबडा मिटवला, पण पुरता नाही. नुसता टेकवला. एखाद्याच्या पाठीवर हात ठेवतात तसा. मग उचलून, डोक्यावर भरलेली घागर असावी तशी, रानातून मशीन आणली. एरवी गरकन वळणारी भिंगरी त्या दिवशी वळलीच नाही, लांबचा वळसा घेऊन आली. मी मागून चालत होते. गुडघे दुखणाऱ्या बाईला तिच्याबरोबर चालता येईल इतकी ती हळू होती.

दत्ताची गाडी जिथे थांबली होती तिथे, कुडाच्या आत, त्यांनी दगड ठेवला. खाली उतरून बघितला. एका अंगाला कलत होता, तिथे मुरूम घातला. परत बघितला. मग बूट काढले, गाडी थांबते तिथे जाऊन उभे राहिले, डोळे मिटले आणि तिथून दगडापर्यंत चालत आले. चार पावलं. दगडाला पाय लागल्यावर थांबले.

"आता तिला चालायला नको," म्हणाले.

"ती चप्पल घालती, भावजी."

"घालू दे."

गोधडीच्या पट्ट्या सोडताना ते माझ्याकडे न बघता बोलले. "तिचा सांधा लई दिस बोलत हुता, वहिनी. तवा मला ग्रीस म्हाईत न्हवतं."

मी पट्ट्या घरी नेल्या, धुतल्या, आणि त्यांची परत गोधडी शिवायला घेतली आहे. तुकडे कमी पडतात. बघू.

थंडी सरली. उन्हाळा लागला. फोन येतो, गुडघ्याला नवीन औषध चालू आहे, नातवाची परीक्षा आहे, सुनेला सुट्टी नाही. भावजी "बरं" म्हणतात. रोज ग्रीस मारतात, कामं असतील तर जातात, लोकांच्या रानात डोळे मिटून चालतात.

परवा एक उसाचा ट्रॅक्टरवाला पाणी प्यायला थांबला आणि त्या दगडावर बसला. भावजी कुठून तरी आले आणि त्याच्यासमोर उभे राहिले. बोलले काही नाही. नुसते उभे. ट्रॅक्टरवाला आपोआप उठला. कोणाचं बघून शिकले ते मला ठाऊक आहे.

मिरजगावची जीप धरायला मीही तिथेच थांबते. माझेही गुडघे दुखतात. जीप कधी वेळेवर येत नाही. भावजी म्हणतात, "वहिनी, टेका की जरा. तुमाला कोन उठवतंय?"

मी म्हणते, "त्येच तर. उठवायला ती कुठं हाय?"

भावजी फडकं उचलतात. पंज्याकडे जातात आणि परत ग्रीस मारायला लागतात, सकाळी मारलेलं असलं तरी.

मी उभीच राहते.